अनधिकृत इसम

प्रिय टिटवे,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे आणि गुडघा सोडला तर मीही. फोनच केला असता, पण फोनवर पहिल्याच वाक्याला तू मीटिंगमध्ये असतेस आणि दुसऱ्या वाक्याला मी चिडतो. पत्राचं बरं असतं, ते मध्येच ठेवून देता येत नाही. शिवाय तुझ्या सहीचा कागद नुकताच माझ्या हाती आला. म्हटलं, कागदाला कागदानेच उत्तर द्यावं.

मागच्या गल्लीतला तो वेल्डर तुला आठवत असेल. कारखान्यातल्या आगीत ज्याची पाठ-छाती भाजली तो. वाचला, पण भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता अंगातच कोंडते. डॉक्टरांनी खोली गार ठेवायला सांगितली म्हणून बायकोने तुमच्या कंपनीचा एसी घेतला. तो दुसऱ्याच उन्हाळ्यात बंद पडू लागला. कॉम्प्रेसरची वॉरंटी अजून बरीच शिल्लक असताना तुमचं उत्तर आलं, की यंत्र अनधिकृत इसमाने उघडल्याने वॉरंटी रद्द. खाली तुझी सही, शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी. तो अनधिकृत इसम म्हणजे मी. खरं सांगतो, आधी हसूच आलं. माझ्या बापाने मला उनाड म्हटलं, तुझी आई रोज हट्टी म्हणते, पण अनधिकृत म्हणायचा मान लेकीने मिळवला.

झालं असं, की तुमचा माणूस आला, बाल्कनीच्या दारातूनच बाहेरच्या युनिटकडे बघितलं आणि विचारलं, आधी कुणाला दाखवलंय का? बाई पडली सरळ. म्हणाली, हो, गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान आहे ना, त्या काकांनी बघितलं. बस्स, मिळालं निमित्त. 'बघितलं'चं तुमच्या कचेरीत पोचेपर्यंत 'उघडलं' झालं. अगं, मी स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढलासुद्धा नव्हता. बाईला म्हटलं, चालू करा. पंखा छान फिरला, वीज स्थिर होती, चिंता करण्यासारखं काही नाही. मग म्हटलं, आता बंद करा. आणि थांबता थांबता कॉम्प्रेसरच्या पोटातून ठोका आला, जसा रिकाम्या पिंपावर कुणी हातोडा टाकावा. परत चालू करायला गेलं तर नुसता घुमला आणि खटकन् गप्प झाला. तासाभराने लावला की थोडा चालतो, आणि थांबताना पुन्हा तोच ठोका. कॉम्प्रेसरच्या बंद भांड्यात यंत्र स्प्रिंगांवर टांगलेलं असतं, त्यातली एक मोडलीय. आणि भांडं चहूबाजूंनी वेल्डिंग केलेलं. मी बाहेरचा सगळा पत्रा सोलून काढला असता तरी आतल्या स्प्रिंगपर्यंत माझा काय, ब्रह्मदेवाचा हात पोचला नसता. ती कारखान्यातूनच अधू निघालीय.

हे तुला मी शिकवायला नको. शाळेला सुट्टी असली की स्कूटरवर माझ्या मागे बसायचीस, मांडीवर हत्यारांची पिशवी. कुठल्याही गल्लीत शिरलो की आपला खेळ सुरू, डोळे मिटायचे आणि कुठल्या घरचं यंत्र आजारी आहे ते सांगायचं. एकदा मी छातीठोकपणे म्हणालो, पातं घासतंय. तू म्हणालीस, नाही बाबा, बेअरिंग कोरडं पडलंय, पातं घासलं तर मध्येमध्ये वाजेल, हे सारखं रडतंय. उघडलं तर तुझंच खरं. हरल्याबद्दल मी चॉकलेट दिलं, पण दिवसभर फुगून बसलो होतो. लोक म्हणतात माझा कान तिखट. तुझा कान त्यांना ठाऊक नाही.

तुझा निरोप आईकडून पोचला. अडचण आली की आईला पुढे करायचं ही तुझी बालपणापासूनची खोड. तिने ताटात वाढता वाढता, माझ्याकडे न बघता सांगितलं, की टिटवी म्हणते, बाबांनी 'उघडलं होतं' एवढं म्हटलं तर सगळं मिटेल. त्यांचं काय जातंय, दुकान आता हौसेपुरतंच. आणि म्हणे, त्या बाईला तू ओळखीने सवलतीत दुसरं मशीन मिळवून देशील. मग तीच म्हणाली, लेकीच्या पोटावर पाय देणार का आता? मी म्हटलं, पोटावर नाही गं, सहीवर. त्या दिवसापासून वरण पातळ येतंय.

तू वाईट नाहीस, हे मला कळतं. तुझ्या साहेबाला किती तक्रारी परतवल्या तेवढंच दिसतं आणि वरची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवलीय, हेही आईने सांगितलं. पण सवलत म्हणजे उपकार, आणि त्या बाईला उपकार नकोय, हक्काचं हवंय. शिवाय हाच ठोका मी आणखी दोन घरांत ऐकलाय, याच मॉडेलचा. त्यांनाही ओळखीने देणार आहेस का? मी 'उघडलं' म्हटलं तर एका खोट्याने तिन्ही घरांची तोंडं बंद. तेव्हा नाही म्हणजे नाही. तिकडे तो वेल्डर ओली चादर लपेटून बसलेला असतो आणि मला म्हणतो, शेठ, जन्मभर लोखंड वितळवलं, आता लोखंड सूड घेतंय. त्याच्या बायकोने स्वतः जाऊन ग्राहक न्यायालयात तक्रार लावली. शेजारीपाजारी म्हणाले, कंपनी म्हणजे समुद्र, तू कोण? मी म्हटलं, समुद्र तर टिटवीनेही आटवला होता. बोलून गेलो आणि आठवलं, आमची टिटवी तर समुद्राच्या नोकरीत आहे.

आता मूळ मुद्दा. सोमवारी न्यायालयाचा अधिकारी त्या बाल्कनीत तपासणीला येणार आहे आणि कंपनीतर्फे तू. मागच्या तारखेला न्यायालयात त्याने बाईचा साक्षीदार कोण, असं विचारलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अनधिकृत माणसाच्या कानावर कोण विश्वास ठेवील? आणि तुझं नाव दिलं. यंत्र चालू करायचं, बंद करायचं, आणि कंपनीच्याच बाईंनी डोळे मिटून सांगायचं, काय मोडलंय. अधिकारी हसला, पण त्याने लिहून घेतलं. पोटच्या पोरीला बेसावध गाठणं मला जमणार नाही, म्हणून हे पत्र. कचेरीतून दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर मी समजायचं ते समजेन. आलीस आणि काही ऐकू आलं नाही म्हणालीस, तर मी भर बाल्कनीत तुला खोटं पाडणार नाही. कठड्याला टेकून गप्प उभा राहीन आणि नंतर आपण घरी जेवायला जाऊ, पातळ वरण तर पातळ. पण टिटवे, यंत्र थांबेल तेव्हा ठोका पडणारच आहे. तो आपल्या दोघांनाही ऐकू येईल.

तुझाच,
अनधिकृत बाबा