अडकलेला मेल

घुग्घुस, १२ ऑक्टोबर २००४

आज कॉम्प्युटरवाला येऊन गेला. म्हणाला, मेल येत होते, पण इथून जात नव्हते. येतात ना, म्हणून मी निर्धास्त होतो.

मस्कतकडे धाकट्या भावाच्या, विलासच्या साइटवर फोन नाही, तो शहरातल्या कॅफेत मेल पाहतो, म्हणून माय आजारी पडली तेव्हा त्याला मेलच केला होता. माय गेल्याचं गावच्या कुणाकडून उशिरा कळून तो पोचला तेरवीनंतर. "काऊन नाई कळवलं, भाऊ?" लिहिलं होतं म्हटलं, तर त्याला पटलं नाही; तसाच मस्कतला परत गेला.

कॉम्प्युटरवाल्यानं सेटिंग बदललं आणि अडकलेला तो मेल निघून गेला. मी तो का थांबवला नाही? समोरचा चहा तसाच निवला.

संध्याकाळी विलासचं उत्तर आलं. "भाऊ, मेल आज भेटला. माय वाट पाहून राह्यली म्हणून लिवलं तू."

आता मेल जातात. काय लिहू?