नेवेनाची चार मिनिटं

३ मे
प्राप्तीचा फोन. आई गेल्यापासून पहिल्यांदाच पोरीच्या आवाजात जरा जीव होता. बल्गेरियात, नेवेनाच्या गावी, चोवीस तारखेला मोठा कार्यक्रम आहे — एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या संगीताचा गौरव! पहिली माझी सासू स्तोयांका. तिचं गाणं तिथल्या रेडिओने जपून ठेवलंय. तिसरी प्राप्ती. तिथल्याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवते, ती त्या दिवशी मंचावर वाजवणार. आणि मधली माझी बायको, नेवेना.

'बाबा, आईचं वाजवलेलं काहीतरी असेलच ना घरात? पंधरा तारखेच्या आत पाठवा. नाहीतर तिचा नुसता फोटो लावतील.'

बघतो म्हटलं. सदतीस वर्षं संसार केला, एक कॅसेट सापडणार नाही?

४ मे
नाही सापडली. कपाट, माळा, दोन्ही ट्रंका — नाही. लग्नातला फोटो आहे, सोफियातला, हातात व्हायोलिन. तेव्हा मी तिथे सरकारी स्कॉलरशिपवर केमिकलचं शिकत होतो आणि ही संगीत महाविद्यालयात पहिली आलेली. इथल्या एकाही फोटोत व्हायोलिन नाही.

तिने सोडलं. स्वतःहून सोडलं. पोरीला शिकवायची तेवढंच, सारेगम गिरवून घ्यायची. मी कधीही नको म्हटलं नाही. हे मी प्राप्तीला दहादा सांगितलंय. घर, पोर, माझ्या शिफ्टा — बाईमाणसाला वेळ कुठे राहतो?

७ मे
भागोजीकडे गेलो. आमच्या विहारातल्या जुन्या कॅसेटी तो सांभाळतो. शहाण्णवच्या जयंतीला भीमगीतांच्या मागे नेवेनाने वाजवलं होतं, ते आठवलं. कॅसेट निघाली. ऐकली. ढोलकी, भोंगा, पोरांचा कल्ला. व्हायोलिन शोधून सापडत नाही. भागोजी तरी हट्टाला पेटला. म्हणे, 'वैनी वाजवीत व्हती रं, मी सोता बघितलंय.'

बघितलं! ऐकलं कोणी?

८ मे
काही नाही. उकाडा. जेवलो नाही.

१० मे
मिळाली!! तिच्या विणकामाच्या डब्यात, लोकरीच्या खाली. बल्गेरियन अक्षरात लिहिलंय — 'प्राप्ती, सहा वर्षं'. तसाच एसटीने अलिबागला गेलो, हितेशच्या दुकानात. लग्नांच्या जुन्या कॅसेटी तो कॉम्प्युटरवर चढवून देतो. चाळिशीचा गृहस्थ, कमी बोलणारा.

सुरू झाली. आधी पोरीची खुडबुड, मग नेवेना. मला संगीतातलं काही कळत नाही. पण हितेशचा हात माऊसवरून खाली आला आणि तो नुसता बसून राहिला. गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्यालाही त्याने हातानेच थांबवलं. मला वाटलं, ही माझी बायको. खरंच माझी बायको.

आणि मग एक पुरुषाचा आवाज. 'ते रेकणं बंद कर. साहेब बसलेत बाहेर.'

माझा आवाज.

व्हायोलिनचं वाजणं तिथेच तुटलं. मी हितेशला म्हटलं, बंद कर. त्याने केलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, 'काका, शेवटचं तेवढं कापता येईल.'

कोणते साहेब, ते आठवत नाही. पाच-सहा आले गेले. एकाचंही नाव आज माझ्या कामाचं नाही.

११ मे
कापायला सांगितलं. मेलेल्या बाईच्या गौरवात माझी लाज कशाला? आणि तेव्हा कंपनीच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं घर, नोकरी नवी, जात शोधणारे साहेब. यांचा पाहुणचार चुकला तर काय काय ऐकावं लागेल ते मला ठाऊक होतं. माझंही बरोबर होतं थोडं.

थोडं.

१३ मे
चार मिनिटं दोन सेकंद. पाठवलं. प्राप्ती फोनवर रडली. मग विचारलं, 'शेवटी असं एकदम का थांबतं, बाबा?'

टेप संपली म्हटलं. सदुसष्टाव्या वर्षी पोरीशी खोटं बोललो, आणि किती सहज!

१७ मे
तिकडे तयारी जोरात आहे. स्तोयांकाच्या गावात शिवणकाम करणाऱ्या बायकाही चार-चार सुरांत गातात. त्यांना या तिघींचा केवढा अभिमान! प्राप्तीने नेवेनाच्या माहेरच्या फाटकाचा फोटो पाठवला. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा फोटो कागदावर छापून दाराला चिकटवतात. नेवेना जानेवारीत गेली, तेव्हाच्या त्या कागदाचा रंग उन्हाने उडालाय. बाजूलाच आता कार्यक्रमाचं रंगीत पोस्टर. त्यावर ती बावीस वर्षांची आहे, हसतेय.

आणि मला दोन मिनिटं बोलून व्हिडिओ पाठवायला सांगितलाय. विषय — नेवेनाने वाजवणं का सोडलं.

१९ मे
पाच वेळा रेकॉर्ड केलं. 'माझ्या पत्नीने संसारासाठी स्वखुशीने...' इथपर्यंत येतो आणि अडतो. पाचही पुसले. कारखान्यात एवढी वर्षं वायूची गळती हुंगून ओळखली मी. स्वतःचं खोटं मात्र ओळखायला एवढा वेळ!

२१ मे
आज सांगितलं. फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं — टेप संपली नव्हती, मी थांबवलं होतं, रेकणं म्हणालो होतो, तेवढं मी कापून घेतलं.

मला वाटलं, आता फोन ठेवेल. ती म्हणाली, 'मला माहीत आहे, बाबा. रेकॉर्डचं बटण मीच दाबलं होतं.'

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं, त्याच्या पुढचं ऐकलंत का? पुढे काही आहे हेच मला माहीत नव्हतं. अजून वेळ आहे, तिथला आवाजाचा माणूस बदलून घेईल, पण आधी तुम्ही ऐका, म्हणाली.

२२ मे
हितेशकडे. या वेळी थांबवलं नाही. माझं ते वाक्य. मग बटण बंद झाल्याचं खट्ट. मग परत खट्ट, आणि माझ्या सहा वर्षांच्या पोरीचा दबका आवाज, बल्गेरियनमध्ये — 'आई, बाबा गेले. साहेबांची जीप वळली. वाजव.'

जिथे तुटलं होतं, तिथूनच पुढे. एकतीस मिनिटं. मध्ये दोनदा नेवेना विचारते, कोणी आलं का? पोर म्हणते, नाही, वाजव. खिडकीशी पहाऱ्याला बसवली होती तिला. माझ्या घरात, माझ्यावर पहारा.

हितेशने विचारलं, काका, तुमचं काढू? राहू दे म्हटलं. सगळं पाठव.

२४ मे
कार्यक्रम झाला. लोक उभे राहिले, प्राप्ती म्हणाली. मी विचारलं, असं लपून किती दिवस वाजवायची?

'रोज. मी इकडे आल्यावर फोनवर ऐकवायची. तुम्ही रिटायर होऊन घरी बसेपर्यंत, बाबा.'