काठाला मारलेलं बूच

जळगाव, मंगळवार संध्याकाळ, १९४३

मालकांनी अंगणातच विचारलं, "टिकेल ना रे?" मी म्हणालो, "टिकेल, भाऊसाहेब." का म्हणालो?

मोटारीच्या मागच्या टायरला खिळ्यानं पडलेलं भोक मीच रबराचं बूच ठोकून बुजवलं. ट्यूबला ठिगळ लावलं. लढाई चालू आहे, नवा टायर आणायचा कुठून? भोक मधोमध असतं तर मला घोर नव्हता. पण ते काठाला आहे, आणि चाक फिरलं की रबर नेमकं तिथंच वाकतं. अंगठा फिरवला तर बूच हलल्यासारखं वाटतं. की मलाच तसं वाटतं?

उद्या बाईसाहेबांना तान्ह्या बाळासकट जामनेरला न्यायचंय. आमच्या हिचं माहेरही तिथलंच. हौसेनं म्हणाली, "मी बी येसू ना! बाईसाहेब एकल्याच शेतस, मागली बठ्ठी जागा मोकळी शे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तू बैलगाडीमा जाय."

"का बरं?"

म्हणालो, रस्ता खराब आहे. बैलगाडी आणि मोटार एकाच रस्त्यानं जातात, हे तिला ठाऊक नाही का! तिनं बांधलेलं गाठोडं सोडून ठेवलं.

तेव्हापासून दोनदा जाऊन अंगठा फिरवून आलो. दोन्ही वेळा हललं.

भाऊसाहेबांना सांगावं? ते म्हणतील, मघाशी तर टिकेल म्हणालास.

सकाळी बाई बाळाला घेऊन त्याच मोकळ्या जागेवर बसतील. दार मलाच लावायचंय.