मोठा न होणाऱ्या मुलाची भूमिका

३ डिसेंबर १९७२, रविवार
नगरला जुन्या बाजारात एक इंग्रजी पुस्तक मिळालं. एक मुलगा उडत ढगांतल्या गावात जातो, तिथे कुणीच मोठं होत नाही. वाचून रडलो. हे मराठीत यायलाच हवं. रोज दोन पानं भाषांतर. शिवाय गॅदरिंगला नाटक. अख्ख्या तालुक्यात हे जमेल असा इंग्रजीचा मास्तर मी एकटाच.

५ डिसेंबर
भाषांतर: नावाचं पान पूर्ण.
मनकर्णानं नर्सिंगचा फॉर्म आणलाय. पालकाची सही हवी. शेवटची तारीख १८ जानेवारी. दुष्काळी कामावर नर्सबाईंबरोबर पोरांना औषध पाजत हिंडते, तिथलं हे खूळ. बायको, केशर, म्हणते, लेक सतरा वर्षांची झाली. काहीतरीच. बाहुलीला इंजेक्शन देण्याचं वय आहे तिचं. गॅदरिंगनंतर बघू म्हणालो.

१२ डिसेंबर
नायक मिळेना. आठवीतल्या पोरांना मिशा फुटल्यात. निरागस चेहरा सगळ्या शाळेत एकच, माझा. त्रेचाळीस वय कुणाला सांगून खरं वाटत नाही. मनकर्णाला धाकट्या बहिणीचं काम दिलं. फ्रॉक घालायचा म्हटल्यावर ती उठून आत गेली. आनंद झाला असावा.

२० डिसेंबर, संध्या. ७
उडण्याची सोय झाली. शेजारच्या बन्सीची विहीर दिवाळीपासून कोरडी, त्यामुळे मोट ओढायचा जाड दोर, नाडा, रिकामाच. तो लिंबाच्या फांदीवरून घ्यायचा, एक टोक माझ्या कमरेला, दुसरं शिपाई कारभारीच्या हातात. बन्सी म्हणाला, मास्तर, नाडा लई दिस वाळलाय, भिजवल्याबिगर भार टाकू नगा. गावात प्यायला टँकर, आणि हा नाडा भिजवायला सांगतो. कलेतलं याला काय कळणार.
भाषांतर: प्रस्तावनेचा विचार चालू.

१ जानेवारी १९७३
संकल्प: वजन उतरवणे. रोज एकच भाकरी.
रात्री पिठलं होतं. तीन.

८ जानेवारी
केशर रोज संध्याकाळी मनकर्णापुढे पाटी घेऊन बसते. स्वतःचं नाव गिरवते. या वयात कशाला, असं विचारलं. म्हणाली, लागंल कुठंतरी. हसलो.

१४ जानेवारी, संक्रांत
पाठांतराला बसलो होतो. मनकर्णानं फॉर्म आणि पेन पुढ्यात ठेवलं. कोरा कागद शोधतच होतो. फॉर्मच्या मागच्या बाजूला नाटकातल्या प्रवेशांची यादी झकास बसली. तिनं यादी दुसऱ्या कागदावर उतरवून घेतली, मला दिली आणि फॉर्म घेऊन गेली. मुलगी समजूतदार आहे. पण फ्रॉक शिवणार नाही म्हणते. बहिणीचं काम काढून टाकलं.

२० जानेवारी, गॅदरिंग
उडालो. चांगला पुरुषभर. समोर सगळं गाव. मी कधीच मोठा होणार नाही, हे वाक्य म्हणताना नाडा तुटला. टाळ्या पडल्या. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला, म्हणजे अभिनय उत्तम होता.
पाय हलवता येईना. मनकर्णा साडी खोचून स्टेजवर आली. कुणी बोलावलं नव्हतं. दोन लाकडी पट्ट्या मागवल्या, पाय बांधला, वर्गाचं दार काढायला लावलं, त्यावर मला घेतलं. कारभारी रडत होता, त्याला गप्प बसवलं. मी ओरडलो तर मलाही. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

२९ जानेवारी
पायाला प्लॅस्टर. भाषांतर तूर्त स्थगित.
मनकर्णा सकाळच्या एस. टी.नं नगरला गेली. फॉर्म सतरा तारखेलाच पोचला होता म्हणे. पालकाची सही केशरनं केली. मला कुणी विचारलं नाही. फार लागलं. पाया पडायला आली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. गाडी गेल्यावर केशरला म्हणालो, एवढंसं लेकरू, परक्या गावात कसं राहील?
तिनं माझ्या पायाखाली उशी सारली. म्हणाली, ती मोठी झाली, गेली. बारके आता तुमीच राह्यले घरात.
मग दुधात भाकरी कुस्करून वाटी पुढे केली. साखर कमी होती. मागून घेतली.