तंबाखूच्या पानावरचे कोरडे ठिपके

मद्रास, १० जून १९६३
पोचले! तंजावरची गाडी एगमोरला वेळेवर आली आणि त्रिपुरसुंदरी मावशी स्टेशनवर हजर. सोबत तिची पाच वर्षांची नात अंबुजा. आई नाही बिचारीला. सैदापेटचे घर येईपर्यंत तिने माझे बोट सोडले नाही. मावशी म्हणाली, अप्पांनी घरात बसवून शिकवलेली मुलगी आता पगार घेणार, तर निदान केसांना तेल तरी नीट लावीत जा. अंबुजाने आपले अंथरूण माझ्या अंथरुणाला चिकटवूनच घातले आहे.

१२ जून
गिंडीजवळच्या प्रयोगशाळेत पहिला दिवस. काम तंबाखूच्या रोपांवर. पानावर खरखरीत पूड भुरभुरायची आणि रोगट रस बोटाने हलकेच चोळायचा. पुडीने न दिसणारे ओरखडे पडतात, त्यांतून रोग शिरतो. या जातीत रोग शिरला की त्याच्या आसपासच्या पेशी आपणहून मरतात, असे वादिराज सरांनी दाखवले. गोल, कोरडा, तपकिरी ठिपका उरतो आणि रोग त्यात कोंडला जातो. शिवाय त्या पानाकडून बाकीच्या पानांना काहीतरी निरोप जातो, ती आधीच सावध होतात. तो निरोप कोणत्या रसायनाचा, हे शोधायचे आहे.

आत जाताना हात धुवायचे, बाहेर येताना धुवायचे, मधे कशाला शिवायचे नाही. अगदी आमचे सोवळेच! घरी यासाठी सगळे मला हसत. इथे पगार मिळणार.

१९ जून
आज चुकले. रस चोळता चोळता पाय एका कुंडीला लागला. सवयीने पानाला हात लावून डोळ्यांना लावला, तोच पुडीचा, रसाचा हात. पापण्या चुरचुरल्या. लगेच सरांना सांगितले. ते हसतच सुटले. तंबाखूला नमस्कार करणारी पहिलीच पाहिली म्हणाले. झाडाचा रोग माणसाला होत नाही, डोळे धू आणि गरम कापी पी. सर म्हणतात तर नसेल होत. तरी पुन्हा पुन्हा धुतले.

२७ जून
ज्या रोपांना रोग दिलाच नव्हता त्यांच्यावर ठिपके आले. फक्त माझ्या टेबलाकडच्या बाजूने. सरांनी टेबल दुसरीकडे हलवले, तर तिकडच्या रोपांवर आले. त्या पानांचा रस काढून तपासला. रोगाचा मागमूस नाही. पाने बचाव करताहेत, पण कशापासून? सर आज हसले नाहीत.

२ जुलै
पलीकडच्या काचघरात मी कधी पाऊल टाकले नव्हते. आज दार उघडले, तर तिथली कोवळी रोपे आधीच ठिपक्यांनी भरलेली. माती वेगळी, पाणी वेगळे. निरोप वाऱ्याने गेला असेल का?

घरी विहिरीजवळचा शेवगा माझ्या खिडकीच्या बाजूने वाळला आहे. मावशी म्हणते, यंदाचे ऊनच तसे. ऊन काय एकाच बाजूला पडते?

५ जुलै
अंबुजाच्या मनगटावर एक ठिपका. गोल, कोरडा, तपकिरी. दुखत नाही. डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिले. ती मात्र गल्लीभर मिरवून आली, अक्काच्या झाडासारखे मलाही झाले म्हणून.

ती माझ्या डावीकडे झोपते. ठिपका तिच्या उजव्या हातावर आहे.

८ जुलै
आणखी आले. खांद्यावर, गालावर, सगळे उजवीकडेच. माझ्या अंगावर एकही नाही. रोगाच्या स्वतःच्या अंगावर कसे येतील—

रोगाजवळच्या पेशी आधी मरतात. माझ्या सगळ्यात जवळ तीच आहे.

९ जुलै
पलीकडच्या काचघरात राहायला आले. मावशीला वाटते रुसले. माझ्या सांबारात काय कमी पडले, विचारत होती. अंबुजा रिक्षामागे धावली. मी वळून पाहिले नाही.

१२ जुलै
मावशी फाटकापर्यंत आली होती. लांबूनच बोलले. मुलीला नवे ठिपके आले नाहीत म्हणाली. म्हणजे खरेच मी—

तिला इथे आणू नकोस म्हणून हात जोडले. मावशीने माझ्यामागे उभ्या सरांकडे पाहिले. मला विश्रांती हवी, असे सर तिला म्हणाले.

१४ जुलै
सगळी पाने वाळली. हिरवे एकही नाही. त्यांच्याकडे मरायला काही उरले नाही आणि मी अजून—

१५ जुलै, दुपार
बाहेर मावशी. बरोबर ती. मला घरी न्यायला आल्या आहेत. कडी आतून लावली आहे. अक्का, दार उघड, मी मलम लावते, असे म्हणते आहे. उत्तर दिले तर ती हटायची नाही. तोंडात पदर कोंबला आहे—

आवाज थांबला. गेल्या वाटते.

नाही— मागे, पाणी जायची फट— एवढीशी— तिथून हात आत घातला आहे तिने, फटीवरची फळी ओढते आहे— कोपऱ्यात सरकले, याहून लांब जागा नाही— ओरडते आहे, जा म्हणून, तर हसते, मी सापडले म्हणून— त्या हातावर माझ्यादेखत एक ठिपका, आता दुसरा— अंबुजा, मागे हो, डोके आत घालू न—