अकरा पहिले नंबर आणि एक बैल

बुंगोमा,
मंगळवार

तीर्थरूप मामांस,

नेलिमाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींची दाढ आणि तांबडा बैल, तिघांची प्रकृती कशी आहे? (बैलाचं विशेष कळवा.) तुम्ही टेकडीपलीकडेच राहता, तरी पत्र लिहितेय, कारण तोंडावर सांगायला आले तर मामी आधी जेवायला वाढतील, आणि जेवल्यावर माझ्याच्यानं खरं बोलवत नाही. हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

झालं ते मुळापासून सांगते. निबंधाला दहापैकी चार गुण दिले तर मुलाला काय समजतं? उरलेले सहा कुठे गेले, परत कसे आणायचे, काही नाही. (मी आपल्या घरातली पहिली पदवीधर झाले, तीही बरीचशी चाचपडतच.) म्हणून या सत्रात मुलांना हाताशी घेऊन एक तक्ता केला. प्रशिक्षणात त्याला रुब्रिक म्हणतात, आम्ही पायऱ्या म्हणतो. निबंध होता ‘आमचं जनावर’. पहिली पायरी: जनावर आहे, पण कुणाचं ते कळत नाही. दुसरी: कुणाचं ते कळतं, पण त्याचं काय झालं ते कळत नाही. तिसरी: झालं ते ओळीनं कळतं. चौथी: वाचणारा आपणहून जनावराची चौकशी करतो. तक्ता भिंतीवर लावला, प्रत्येकाच्या पायरीचा आकडा वहीत लिहून घरी पाठवला, आणि शिक्षणात क्रांती झाली असं समजून चहा प्यायले.

क्रांती झाली ती खुराड्यांत. आपल्याकडे वहीत आकडा दिसला की तो नंबर, हे मी साफ विसरले. (माझा तिसरा नंबर तुम्हीच बाजारभर सांगत फिरला होता, मी तरी विसरायला नको होतं.) पहिल्या पायरीवर अकरा मुलं होती, म्हणजे अकरा घरांत पोर पहिलं आलं! मला जेवायची बोलावणी सुरू झाली. मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीशेजारी कोंबडीच्या पोटातला पेटा! मामा, घरच्या कर्त्या पुरुषाखेरीज जो कुणाला मिळत नाही, तो माझ्या ताटात. शिक्षणाचा सन्मान समजून मी खाल्ला. तिसऱ्या घरी आजोबा म्हणाले, “खा मॅडम, खा. सात पिढ्यांत पहिला नंबर नव्हता आमच्याकडे,” तेव्हा माझी ट्यूब पेटली. तोवर पेटा पोटात गेला होता.

उलट चौथ्या पायरीवरच्या एकुलत्या एका मुलीची आई शाळेत येऊन गरजली, “दोन वर्षं पहिली येणारी माझी पोर तुमच्या हाताखाली चौथी? बाई, तुम्ही शिकवता की विसरायला लावता?” मुख्याध्यापक बारासा सरांनी मला बोलावलं. “शुक्रवारच्या सभेत पालकांना खरं पटवा, नाहीतर तक्ता उतरवा आणि पहिला ते त्रेचाळिसावा अशी यादी लावा. तुमच्या पायऱ्यांनी अकरा कोंबड्या खाल्ल्या!” मी म्हटलं, “सात, सर. तिघांकडे अंडीच होती, आणि एका घरचं अजून व्हायचंय.”

तक्ता मी उतरवणार नाही. कारण सांगते. पहिल्या पायरीवरची एक मुलगी (नाव मागाहून) काल तक्त्यासमोर उभी राहिली, आपला निबंध वाचला, काय राहिलं ते स्वतःच शोधलं आणि भर घातली: ‘बैल आजोबांचा आहे. आजोबा त्याच्याशी बोलतात, आमच्याशी कमी.’ मी वहीत दोन लिहायला गेले, तर तिनं माझा हात धरला. “नको ना मॅडम, एकच असू दे. दुसरी आले तर आजोबांना काय वाटेल?” मूल एक पायरी चढतं आणि चढल्याचीच त्याला भीती वाटते, हे मी चालू देणार नाही. मी दोन लिहिला. ठसठशीत लिहिला.

मामींना नमस्कार. कळावे,
तुमची भाची
नेलिमा

ता.क. ती मुलगी म्हणजे तुमची नात नाखुमिचा. तेव्हा तिच्या पहिल्या नंबरासाठी शनिवारी बैल कापायचं जे गावभर आवतण दिलंय, ते थांबवा. आणि शुक्रवारी माझ्याआधी तुम्ही उभे राहून सांगा की माझी नात पहिली आली नव्हती, पहिल्या पायरीवर होती, आणि आता दुसरीवर आहे. मी बोलले तर लोक म्हणतील, कोंबडी खाताना का नाही बोललीस? तुम्ही अजून काही कापलेलं नाही.

ता.क. दुसरा. तिची वही सोबत पाठवतेय. आजोबांबद्दलचं वाक्य तिचं आहे, माझं नाही.

ता.क. तिसरा. पत्र पुन्हा वाचताना ध्यानात आलं की तो निबंध वाचल्यापासून मी सारखी बैलाची चौकशी करतेय. म्हणजे माझ्याच तक्त्याप्रमाणे पोर चौथ्या पायरीवर आहे. तक्ता दुरुस्त करावा लागणार. सभेत मात्र दुसरीच सांगा.