दादाचा फोन

किप्लागटदादा,

बाबांच्या दफनाच्या दिवशी भांडून गेलास, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून आईच्या पोटात अन्न ठरत नाही, तोंड फोडांनी भरलेलं. एल्डोरेटचा डॉक्टर म्हणतो, “पोटात दोष नाही. मनाचा घोर पोटात उतरलाय, तोच अंगातली ताकद खातोय.”

मी भोपळ्याच्या तुंब्याला धुरी देऊन दूध विरजायचं, तिनं ओकायचं! गेल्या आठवड्यात वैतागून थाप मारली, “दादाचा फोन आला होता.” बाईनं अख्खा तुंबा संपवला, वर मक्याच्या पिठाची उगाली मागितली! आता फोडही सुकतायत.

पोट बिघडलंय ते माझं. आई रोज विचारते, “आज काय म्हणाला गं?”

हे पत्र पाठवत नाही. तुझं उत्तर आलं नाही, तर थापा मारायचंही बळ राहणार नाही. आणि उद्या तू काय म्हणणार आहेस, ते अजून ठरवायचंय मला.

तुझी वैतागलेली,
जेरोतिच